१ जूनची जन्मतारीख

(अंबरनाथ येथे कामगार कुटुंबांच्या बैठकीत केलेलं भाषण, थोड्या संपादनासह.)



सुरुवातीला एक विनंती करतो. या हॉलमध्ये ज्यांचा कागदोपत्री वाढदिवस १ जूनला येतो, त्यांनी हात वर करावा. मागच्या रांगेतले चाचा, लाजू नका. माझ्या मोजणीत अठरा हात आले. एवढी बाळं एकाच दिवशी जन्माला येत नसतात, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी विचारलं, मुलगा कधीचा? आजी म्हणाली, मोठा दुष्काळ पडला त्याच्या पुढच्या सालचा, पेरणीच्या वेळचा. गुरुजींनी पोराला डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान पकडायला लावला. कान हाताला लागला, म्हणजे सहा वर्षं पुरी. रजिस्टरमध्ये लिहून टाकलं, १ जून.

माझ्या अब्बांची तारीख १ जून १९६१. कराडजवळच्या खेड्यातल्या गुरुजींनी लावलेली. अब्बा स्वतः म्हणतात, मी दोन वर्षांनी लहान असेन, नाहीतर एखाद्या वर्षानं मोठा. या अंदाजाच्या तारखेनं त्यांना नोकरीच्या किती दारांवरून परत पाठवलं, ते आज सांगायचं आहे. आणि त्यातलं एक दार मीच बांधलं होतं, तेही सांगायचं आहे.

अब्बांनी १९८० साली कराडला आयटीआय केली, टर्नर ट्रेडमध्ये. १९८४ ला अंबरनाथच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत लागले. तेव्हाचं अंबरनाथ तुम्हाला माहीत आहे. १९२० च्या दशकापासून काडेपेट्या बनवणारी विमको, १९५३ पासूनची ऑर्डनन्स फॅक्टरी, मोरिवलीचे आणि चिखलोलीचे कारखाने. सकाळच्या भोंग्यावर घड्याळ लावायचं. अब्बा लेथवर उभे असायचे आणि बिडाचा जॉब आहे की पोलादाचा, हे म्हणे पाठ फिरवून नुसत्या आवाजावर सांगायचे. पंचवीस वर्षं त्यांनी तिथं काढली. २००९ साली कंपनी बंद झाली. अब्बा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि बहीण बारावीला. हिशेबाचे पैसे हातात पडायला तीन वर्षं लागली.

त्याच वर्षी इथून जवळ, मोहोन्याच्या एनआरसीत टाळेबंदी झाली आणि हजारो कामगार एकदम रस्त्यावर आले. थकबाकीसाठी त्यांची लढाई पुढं दहा वर्षांहून जास्त चालली. म्हणजे २००९-१० मध्ये कल्याण ते बदलापूर पट्ट्यात चाळिशी-पन्नाशीतले कसबी कामगार एकाच वेळी, एकाच गेटांवर, एकाच कामासाठी उभे होते. आपल्या आधीच्या पिढीनं हे १८ जानेवारी १९८२ नंतर पाहिलं होतं. गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. ज्यांना पुन्हा आत घेतलं गेलं नाही, त्यांतली कितीतरी कुटुंबं स्वस्त जागा शोधत याच लाइनला आली. त्यांच्यातला तिशीचा माणूस कुठेतरी चिकटला. पन्नाशीचा माणूस भाजी घेऊन स्टेशनबाहेर बसला.

आता त्या गेटांवर काय व्हायचं ते सांगतो. तोंडावर कोणीच 'तुमचं वय झालं' असं म्हणत नसे. आनंदनगर एमआयडीसीत एका ठिकाणी सांगितलं, तुमचा आधीचा पगार जास्त आहे, आम्हाला परवडणार नाही. अब्बा म्हणाले, कमी द्या. तर म्हणाले, कमी पगारावर तुम्ही टिकणार नाही. बदलापूरला खरवईत सांगितलं, आमच्याकडे आता सीएनसी आहे, तुम्हाला जमणार नाही. शिकवा म्हटलं, तर म्हणाले, शिकवायला वेळ नाही. तिसऱ्या ठिकाणच्या सुपरवायझरनं मात्र खरं बोलून टाकलं. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा असेल. म्हणाला, "काका, तुम्ही माझ्या वडिलांच्या वयाचे. उद्या जॉब बिघडला तर तुम्हाला ओरडू कसं?"

त्या मुलाबद्दल मला राग नाही. ज्या घरात मोठ्यांना उलट बोलायचं नाही हे शिकवलं, त्याच घरातून तो आला होता. पण बघा, आपण वडीलधाऱ्यांना मान देतो म्हणतो आणि त्याच मानापोटी त्यांची रोजी जाते.

अब्बा दाढीला आणि केसांना मेंदी लावायचे. त्या वर्षी त्यांनी मेंदी सोडली आणि काळा डाय आणला. अम्मीनं काही विचारलं नाही. दर रविवारी रात्री मोरीत बसून ते डाय लावत आणि सोमवारी सकाळी फाइल घेऊन बाहेर पडत. मी अभ्यासाच्या नावाखाली पुस्तकात डोकं घालून बसायचो. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयापासून दहा-बारा वर्षांवर आहे आणि कंपनीतल्या माझ्या बरोबरीच्या मित्रांनाही कानावरचे केस रंगवताना पाहतो.

कायद्याचं थोडं बोलतो. कारखान्याच्या आत ज्येष्ठतेला किंमत आहे. कामगार कपात करायची तर शेवटी आला तो आधी जाईल, हे तत्त्व १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यापासून चालत आलं आहे. आत असेपर्यंत पंचवीस वर्षं ही ढाल असते. गेटच्या बाहेर पाऊल टाकलं की तीच पंचवीस वर्षं दोष ठरतात. आपल्या राज्यघटनेचं सोळावं कलम सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवासस्थान यांवरून भेदभाव करायला मनाई करतं. त्या यादीत वय नाही. खाजगी नोकरीत तर 'वय ३० पर्यंत' अशी पाटी उघड लावता येते. सरकार तरी काय करतं? महाराष्ट्र शासनाच्या बहुतेक पदांना खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ ही वयोमर्यादा आहे. अमेरिकेत चाळिशीच्या पुढच्या माणसाला वयावरून नोकरी नाकारू नये, असा कायदा १९६७ साली झाला. तिथं भेदभाव संपला असं मी म्हणत नाही, पण दाद मागायला कलम तरी आहे.

आणखी एक गोष्ट. नव्या मुलांना कामावर घेतलं तर मालकाला सरकारचा हातभार मिळतो. केंद्राच्या शिकाऊ उमेदवार योजनेत विद्यावेतनाचा काही भाग सरकार भरतं. २०२४ ला आपल्या राज्यानं आणलेल्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत १८ ते ३५ वयाच्या उमेदवाराला दरमहा ६ ते १० हजार रुपये शासनानं द्यायचे होते. मुलांना मिळायलाच हवेत, माझी तक्रार नाही. पण पन्नाशीत कारखाना बंद पडलेल्या टर्नरला सीएनसी शिकवायला सरकार मालकाला असा हातभार लावत नाही. मग मालक कोणाला घेणार?

आता माझी गोष्ट.

२०११ ला मी इंजिनिअर झालो. दोन वर्षांनी ऐरोलीच्या एका कंपनीत होतो. कंपन्यांकडे येणारे अर्ज चाळणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. एका मोठ्या ग्राहकाची मागणी आली की उमेदवार 'पासआउट इयर'नुसार गाळता आले पाहिजेत. काम माझ्याकडे आलं. अर्ध्या दिवसाचं काम. वर्षाची दोन खणं, 'पासून' आणि 'पर्यंत'. त्या चौकटीच्या बाहेरचा अर्ज माणसाच्या डोळ्यांसमोर येणारच नाही. मी ते लिहिलं, टेस्ट केलं, संध्याकाळी मित्रांबरोबर चहा प्यालो. आपण काही चुकीचं केलं असं मनातसुद्धा आलं नाही. वय हा शब्दच कुठे नव्हता ना. फक्त वर्ष होतं.

पुढच्या वर्षी अब्बांसाठी घरी एका नोकरीच्या पोर्टलवर अर्ज भरायला बसलो. नाव, पत्ता, ट्रेड, सगळं भरलं. मग आलं, उत्तीर्ण झाल्याचं वर्ष. यादी उघडली. ती १९९० पासून सुरू होत होती. अब्बा चष्मा पुढं ओढून स्क्रीनकडे बघत होते. म्हणाले, "माझं साल यात नाही रे." मी म्हणालो, १९९० टाकू, कोण बघतंय? ते म्हणाले, "खोटं नको." आम्ही लॅपटॉप बंद केला.

ते पोर्टल आमच्या कंपनीचं नव्हतं. पण ती यादी कशी बनते, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. माझ्यासारखाच कोणीतरी मुलगा बसला असेल आणि घाईत त्यानं यादी १९९० ला कापली असेल. त्याला कोणाचा द्वेष करायचा नसेल. गेटवरचा सुपरवायझर निदान 'काका' म्हणाला होता. त्याला उलट विचारता येत होतं, एक दिवस काम बघा म्हणून गळ घालता येत होती. यादीला कसली गळ घालणार?

हे फक्त माझ्या घरचं नाही. २०२३ साली अमेरिकेत एका ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीचं प्रकरण मिटलं. त्यांचं सॉफ्टवेअर ५५ च्या पुढच्या स्त्रियांचे आणि ६० च्या पुढच्या पुरुषांचे अर्ज आपोआप नाकारत होतं. कंपनीला ३ लाख ६५ हजार डॉलर भरावे लागले. ते उघड कसं झालं? एका अर्जदारानं तोच अर्ज दोनदा पाठवला. फक्त जन्मतारीख बदलली. तरुण तारखेला मुलाखतीचं बोलावणं आलं. तिथं कायदा होता म्हणून पुढं प्रकरण झालं. आपल्याकडे तो अर्जदार काय करणार होता?

मी आमच्या टीममध्ये विषय काढला. बदल लगेच झाला नाही. ग्राहक पैसे देतो, मी कोण? पण नंतर एका आवृत्तीत जन्मतारीख आणि वर्ष हे सक्तीचे रकाने राहिले नाहीत आणि किती अर्ज न बघता गळाले याचा आकडा भरती करणाऱ्याच्या स्क्रीनवर दिसू लागला. एवढंच झालं. मी ते पराक्रम म्हणून सांगत नाही. इथं कॉम्प्युटर इंजिनिअरिंग शिकणारी जी मुलं-मुली बसली आहेत, त्यांना सांगतो. असं काम तुमच्याकडे येईल, ते अर्ध्या दिवसाचं असेल आणि त्यात वय हा शब्द नसेल. तेव्हा घरातल्या कोणाचं साल त्या यादीत बसत नाही, तेवढं बघा.

आता आपल्याबद्दल, म्हणजे मुस्लिम समाजाबद्दल दोन शब्द. नावामुळे अर्ज मागे पडतो, ही तक्रार आपण करतो आणि ती खरी आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांचा २००७ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. सारख्याच पात्रतेचे अर्ज, फक्त नावं वेगळी. मुस्लिम आणि दलित नावांना प्रतिसाद कमी मिळाला. पण अब्बांबरोबर त्या गेटांवर जाधव काका होते, कांबळे होते, उल्हासनगरचे एक सिंधी फिटर होते. सगळे सारखेच परतत होते. नाव आणि वय या दोन भिंती आहेत. आमच्या घराला दोन्ही लागल्या, कांबळेंच्याही घराला लागल्या असतील, पण वयाची भिंत आम्हा सगळ्यांची एकच होती. तिच्याविरुद्ध एकत्र उभं राहता येतं.

आणि आपल्या स्वतःच्या दुकानांवर काय लिहिलेलं असतं? 'लडका चाहिए, उमर १८ से २५.' बेकरी असो, मोबाइलचं दुकान असो, पाटी तीच. मालक आपलेच. मशिदीतून बाहेर पडताना ज्या चाचांना आपण वाकून सलाम करतो, त्यांना गल्ल्यावर बसवायला आपण तयार नसतो.

बायकांचं तर याहून अवघड. पंचेचाळिशीला नवरा वारला किंवा घर मोडलं, आणि बाई आयुष्यात पहिल्यांदा काम शोधायला निघाली, तर अर्जात लिहायचं काय? अनुभव शून्य. जिनं पंधरा वर्षं घरी बसून उल्हासनगरच्या जीन्सचे धागे कापले, मसाला पॅक केला, इमिटेशनचे मणी ओवले, तिच्याकडे पगाराची एक पावती नाही. वालधुनीच्या प्रदूषणावरून जीन्स धुण्याचे कारखाने बंद झाले, तेव्हा नदीबद्दल लिहिलं गेलं आणि ते योग्यच होतं. पण धागा कापणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नव्हतं. मग तिची नोकरी गेली असं तरी म्हणणार कोण?

एक चांगली गोष्टही सांगायला हवी. २०१० मध्ये अब्बांना कॅम्प तीनमधल्या एका छोट्या वर्कशॉपच्या शेठनं ठेवून घेतलं. साठीचे सिंधी गृहस्थ. त्यांनी एकच प्रश्न विचारला, हात चालतो का? जुनी सीएनसी मशीन होती. तीन आठवड्यांत अब्बा ती चालवायला शिकले. पॅनेलवरची इंग्रजी अक्षरं मी वहीत मराठीत लिहून दिली होती. शेठ सांगायचे, फाळणीनंतर माझे वडील कल्याणच्या लष्करी छावणीत आले तेव्हा पन्नाशीचे होते. बराकीत संसार मांडला आणि लोकलमध्ये गोळ्या विकल्या. तेव्हा इथं कोणी कोणाचं वय विचारत नव्हतं, सगळेच नवीन होते. हे उल्हासनगर पन्नाशीत पहिल्यापासून सुरुवात करणाऱ्यांनीही उभं केलं आहे. त्याच शहरातल्या पाट्यांवर आज '१८ से २५' वाचताना मला शेठ आठवतात. २०१३ ला ते गेले. मुलांनी जागा बिल्डरला दिली.

त्यानंतर अब्बा बदलापूरला एका सोसायटीत वॉचमन झाले. खाजगी सुरक्षा एजन्सींच्या २००५ च्या कायद्यात सुरक्षारक्षकाची वयोमर्यादा ६५ आहे. म्हणून आपल्या पट्ट्यातले टर्नर, फिटर, केमिकल प्लांटचे ऑपरेटर शेवटी एकाच खुर्चीवर येऊन बसतात. बारा तासांची ड्युटी आणि एक शिट्टी. कामात कमीपणा नाही. पण पंचवीस वर्षांचा हात त्या रजिस्टरमध्ये गाड्यांचे नंबर लिहीत बसला, हे नुकसान फक्त आमच्या घराचं नव्हतं.

भाषण करून घरी जायला मी आलो नाही. काही कामं ठरवू या.

पहिलं, पीएफ आणि पेन्शन. कर्मचारी पेन्शन योजनेत दहा वर्षं सेवा झाली की पेन्शनचा हक्क मिळतो. पूर्ण पेन्शन ५८ ला. पन्नाशीनंतर आधी घेता येतं, पण ५८ ला जितकी वर्षं कमी, तितक्या वर्षांमागे ४ टक्के कपात. नोकरी गेल्यावर घाबरून लवकर पेन्शन सुरू करू नका, आधी हिशेब मांडा. सूत्र सोपं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. आजची १५,००० ची मर्यादा पूर्ण धरली तरी वीस वर्षांना महिना ४,२८५ रुपयांच्या आसपास येतात. अब्बांना दोन हजारांच्या आसपास मिळतात, कारण त्यांच्या वेळची मर्यादा ६,५०० होती. रक्कम लहान आहे, म्हणूनच एकही वर्ष सांडू देऊ नका. ठेकेदार बदलला की कधीकधी चुकून नवीन यूएएन निघतो आणि जुनी सेवा लटकते. ती जोडून घ्या. मध्ये खंड पडला तर स्कीम सर्टिफिकेट मागा.

दुसरं, ईएसआय. ज्यांचं कार्ड आहे आणि नोकरी गेली आहे, त्यांच्यासाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. अटी पूर्ण होत असतील तर ९० दिवसांपर्यंत सरासरी पगाराच्या निम्मी रक्कम मिळते. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी हे नावही ऐकलेलं नाही.

तिसरं, पाट्या. इथं दुकानदार आहेत, वर्कशॉपवाले आहेत. 'काम येणारा माणूस पाहिजे' एवढंच लिहा. वय लिहू नका. एक आठवडा काम बघा, मग ठरवा.

चौथं, मागणी. बंद कारखान्यातल्या पंचेचाळिशीच्या पुढच्या कामगाराला नवीन मशीनचं प्रशिक्षण आणि त्या काळात विद्यावेतन मिळावं. अंबरनाथला आयटीआय आहे, मशीन आहेत. संध्याकाळची एक बॅच यांच्यासाठी का असू नये? हे निवेदन आपण सगळ्या समाजांचे मिळून देऊ, आपल्या एकट्याचं नको.

आणि शेवटचं, घरातलं. मुलगा कमावता झाला की आपण वडिलांना सांगतो, आता बसा आरामात. मीही सांगितलं होतं, पहिल्या पगाराच्या दिवशी. अब्बा काही बोलले नाहीत, पण सोमवारी फाइल घेऊन निघाले. मला तेव्हा वाटलं, हट्टी आहेत. आता कळतं की आराम त्यांनी मागितलाच नव्हता. त्यांना लेथवर उभं राहायचं होतं.

पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता मी याच हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसणार आहे. कॉलेजची चार मुलं मदतीला येतील. येताना आधार, पीएफचं पासबुक, ईएसआयचं कार्ड आणि जुन्या कंपनीचं कुठलंही पत्र आणा. जन्मतारखा जुळत नसतील तर तेही कागद आणा, १ जूनवाल्यांनी तर नक्कीच. अब्बाही येणार आहेत. अर्ज भरता येत नाहीत त्यांना, पण कोणाकडे कुठलं काम येतं, हे ते आवाजावरून ओळखतात.